दोन गाड्यांची कुंडली
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. मी म्हटलं, साहेब, बँकेतला माणूस दिसला की लोक व्याजदर विचारतात, आणि व्याजदर सांगितला की लोक जांभया देतात. आज जेवणाआधी लोकांना झोपवायचं नाही. त्यापेक्षा मी गाड्यांवर बोलतो. तेव्हा हे बाळगोपाळ खूष झाले आणि सेक्रेटरी साहेब काळजीत पडले. त्यांची काळजी खोटी नाही, कारण बोलत बोलत मी शेवटी आपल्याच आवाराच्या कोपऱ्यात येणार आहे. पण ते नंतर.

आपण धसईचे लोक. आपल्याला जुन्या वस्तूची पारख कशी करायची हे कुणी शिकवायला नको. पौष महिन्यात म्हशाची जत्रा भरते. तिथे बैल घेताना आपले शेतकरी काय करतात? आधी दात बघतात. मग खुर, मग खांदा, मग चालवून बघतात. आणि हे सगळं झालं की विचारतात, "कुणाच्या दावणीचा?" हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कुणाच्या गोठ्यात वाढला, कुणी नांगराला धरला, मधे कुणाला विकला, का विकला. एवढं कळलं की बैल कळला.

जुन्या, दुर्मीळ मोटारीचं शास्त्र याहून वेगळं नाही. जगात जुन्या मोटारींचे मोठमोठे लिलाव होतात. तिथे गाडीबरोबर एक जाडजूड फाइल असते. चासी नंबर कोणता, इंजिन नंबर कोणता, कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आज आहे का, पहिला मालक कोण, दुसरा कोण, अपघात झाला का, रंग कधी बदलला, दुरुस्तीची बिलं आहेत का. एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या दोन सारख्या गाड्या असतात. एकीची फाइल पूर्ण असते, दुसरीची नसते, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आम्ही बँकेत घर तारण घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागायचो, तोच हा प्रकार. गाडीची कुंडलीच म्हणा ना.

आज मी अशा दोन गाड्यांच्या कुंडल्या मांडणार आहे. दोन्ही मुंबईच्या दोन क्रिकेटपटूंना मिळाल्या. दोन्ही परदेशातून आल्या. दोन्हींच्या वेळी सीमाशुल्काचा प्रश्न आला. आणि दोघींचं पुढचं आयुष्य मात्र अगदी निराळं झालं.

पहिली गाडी ऑडी १००. साल १९८५. ऑस्ट्रेलियात बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट ही स्पर्धा झाली. सात देश होते. आपले कप्तान सुनील गावसकर. १० मार्चला मेलबर्नच्या मैदानावर अंतिम सामना झाला, समोर पाकिस्तान. त्यांच्या ९ बाद १७६ धावा झाल्या. आपण ते लक्ष्य फक्त २ गडी गमावून पार केलं. श्रीकांतच्या ६७ आणि रवी शास्त्रींच्या नाबाद ६३. पूर्ण स्पर्धेत शास्त्रींच्या १८२ धावा आणि ८ बळी. त्यांना 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' म्हणून ही ऑडी मिळाली. पुढचं दृश्य आपल्यापैकी माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. शास्त्री गाडी चालवताहेत आणि टपावर, बॉनेटवर, जिथे जागा मिळेल तिथे आपले खेळाडू बसलेत. आपल्या सहा आसनी रिक्षासारखी ती गाडी मैदानात फिरली.

आजच्या मुलांना वाटेल, ऑडीच ना, त्यात काय एवढं? बाळांनो, तेव्हाचा भारत डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी. मारुती ८०० येऊन दीडच वर्ष होत होतं, तिच्यासाठी लोक पैसे भरून वाट बघत बसले होते. त्यात ही गाडी. युरोपात १९८३ ची 'कार ऑफ द इयर' ठरलेली. तिचा आकार वारा कापत जाण्यासाठी इतका विचार करून बनवला होता, की वाऱ्याच्या विरोधाचा तिचा आकडा ०.३० होता. त्या काळच्या घरगुती गाडीसाठी हा आकडा फार मोठी मजल होती. काचा दाराच्या पत्र्याशी जवळजवळ सपाट बसवलेल्या, कुठे वारा अडकायला नको म्हणून. कडक व्याख्येने पाहिलं तर ती स्पोर्ट्स कार नव्हे, चार दारांची घरगुती गाडीच. पण आपल्या देशात ती क्रीडेच्या मैदानातून आली, त्या अर्थाने तिच्याइतकी खरी 'स्पोर्ट्स कार' दुसरी नाही.

परदेशी गाडी देशात आणायची तर सीमाशुल्क भरावं लागतं, आणि ते गाडीच्या किमतीहून जास्त व्हायचं. सरकारने या गाडीचं शुल्क माफ केलं. लोकांनी कुरकुर केली नाही. कारण सरळ होतं. ती मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जिंकलेली होती. शास्त्रींची म्हणण्यापेक्षा लोकांना ती संघाची, देशाची वाटली. गाडी जहाजाने मुंबई बंदरात उतरली तेव्हा तिला बघायला गर्दी लोटली होती.

आणि मग? मग गाडीचं जे होतं तेच झालं. वय झालं. या ऑडीची अडचण अशी की ती आली तेव्हा आपल्या देशात ऑडीचं दुकानच नव्हतं. ऑडी कंपनी भारतात रीतसर आली ती २००७ साली, आणि तिच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आपल्या महाराष्ट्रातच, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. मधली बावीस वर्षं या गाडीला माहेर नव्हतं. सुटा भाग पाहिजे तर परदेशातून मागवा. पण शास्त्रींनी गाडी विकली नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा.

२०२२ च्या जून महिन्यात बातमी आली की ती गाडी पुन्हा नव्यासारखी झाली. रेमंड उद्योगसमूहाचे गौतम सिंघानिया यांना गाड्यांचं वेड आहे. त्यांच्या 'सुपर कार क्लब गॅरेज'ने सुमारे आठ महिने काम करून ती पूर्ववत केली आणि शास्त्रींच्या हाती किल्ली दिली. सदतीस वर्षांनी दुसऱ्यांदा किल्ली मिळाली. शास्त्रींनी तेव्हा ती एकट्याची नाही, देशाचा ठेवा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले.

आता 'पूर्ववत करणे' म्हणजे काय, हे थोडं सांगतो. कारण आपल्याकडे लोक समजतात की डेंटिंग-पेंटिंग केलं की झालं. तसं नसतं.

जुनी गाडी हातात घेतली की आधी काहीच उघडायचं नाही. फोटो काढायचे. कुठली वायर कुठून जाते, कुठला स्क्रू कुठे आहे, सगळं टिपायचं. मग एकेक भाग सोडवायचा आणि चिठ्ठी लावून ठेवायचा. बराच काळ उभ्या गाडीत सगळ्यांत आधी मरतं ते रबर. दारांच्या कडेची रबरं, ब्रेकचे होज, इंजिनचे सील, सगळं कडक होऊन तडकतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट गाळ राहतो, तो नळ्यांमधून कार्बोरेटरपर्यंत किंवा इंजेक्टरपर्यंत जाऊन बसतो. वायरिंगवर उंदीर हात मारतात. आणि गंज! आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत गंज बाहेरून दिसतो त्याच्या दसपट आत असतो. दाराच्या तळाशी, पायाखालच्या पत्र्यात, टायरच्या वरच्या कमानीत. वरून रंग चकाकतो आणि आतून बोट घातलं तर पत्रा पापडासारखा मोडतो. म्हणून रंग सगळ्यांत शेवटी. आधी रंग लावणारा माणूस दुरुस्ती करत नाही, झाकाझाक करतो. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोललो, कारण आपल्या इमारतीच्या बाबतीत त्याचा पुढे उपयोग आहे.

दुसरी गोष्ट. पूर्ववत करणं वेगळं आणि नटवणं वेगळं. जुन्या गाडीला नवी म्युझिक सिस्टीम, चकचकीत चाकं, भडक रंग लावला तर ती नटते, पण तिची कुंडली बिघडते. जाणकार लोक मूळ रंगाची छटा, मूळ कापडाची वीण शोधत वर्ष-वर्ष थांबतात. आणि जे बदलावंच लागलं, त्याची नोंद फाइलमध्ये करतात. लपवत नाहीत.

कुणी विचारेल, इतकं सगळं बदललं तर ती गाडी तीच राहिली का? आपल्या आजोबांची बैलगाडी आठवा. धाव बदलली, आरे बदलले, जू तर कितीदा मोडलं. तरी ती आजोबांचीच गाडी. कारण बदल एकेक करून झाला आणि प्रत्येक वेळी घरातल्या कुणीतरी तो केला. सांभाळणारा हात सलग राहिला की वस्तू तीच राहते. हात सुटला की नाही.

आता दुसरी कुंडली. फेरारी ३६० मोडेना. ही मात्र अस्सल स्पोर्ट्स कार, लांबून पाहिली तरी कळावी अशी. इंजिन पुढे नाही, ड्रायव्हरच्या पाठीमागे. आठ सिलिंडर, ३.६ लिटर, सुमारे ४०० अश्वशक्ती. अंग ॲल्युमिनियमचं. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी इटलीतल्या मोडेना गावचे, म्हणून गाडीला गावाचं नाव. आपण एखाद्या गाडीचं नाव 'धसई' ठेवावं तसं. (हशा)

एप्रिल २००२. वेस्ट इंडिजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने ११७ धावा केल्या. ते त्याचं कसोटीतलं २९ वं शतक. डॉन ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी झाली. फेरारी तेव्हा फियाट समूहात होती, आणि फियाटने सचिनला ही गाडी भेट द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीच्या वेळी खुद्द मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला दिली गेली. एका राजाने दुसऱ्या राजाला घोडा द्यावा तसा प्रसंग. फेरारीच्या बोधचिन्हावरही उसळता घोडाच आहे.

गाडी भारतात आणायची वेळ आली आणि गाठ पडली सीमाशुल्काशी. रक्कम सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. माफीची विनंती झाली, २००३ साली सरकारने माफी दिलीही. आणि देशात गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत पत्रं, चर्चा, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका. शेवटी शुल्काची रक्कम फियाट कंपनीने भरली आणि प्रकरण मिटलं.

मंडळी, इथे जरा थांबू. १९८५ ला माफी मिळाली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. २००३ ला माफी मिळाली तर लोक कोर्टात गेले. सचिन लोकांना आवडत नव्हता का? देव्हाऱ्यात बसवला होता त्याला! मग फरक कुठे पडला? माझ्या मते फरक एका शब्दाचा आहे. शास्त्रींची गाडी 'बक्षीस' होती, सचिनची 'भेट'. बक्षीस स्पर्धेत जिंकलं जातं, नियम आधी ठरलेले असतात, सगळे बघत असतात. भेट कुणीतरी खुशीने देतो. खेळाडूने परदेशी स्पर्धेत जिंकलेल्या वस्तूला सूट देण्यात लोकांना न्याय दिसला. कंपनीने दिलेल्या भेटीला सूट देण्यात तो दिसला नाही. आणि तिसरं म्हणजे, देश बदलला होता. १९८५ चा माणूस रेशनच्या रांगेत उभा होता, तो मोठ्या माणसाकडे मान वर करून बघत होता. २००३ चा माणूस स्वतः कर्ज काढून गाडी घेत होता, प्रत्येक हप्त्याबरोबर कर भरत होता. तो विचारणारच की, मी भरतो, मग यांनी का नाही? मला हा प्रश्न विचारणारा माणूस सचिनचा शत्रू वाटत नाही. हिशोब विचारणं म्हणजे अनादर नव्हे. आपल्या वार्षिक सभेतही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे २०११ साली सचिनने ती फेरारी विकली. घेणारे सुरतचे एक व्यावसायिक. त्यानंतर लगेच २०१२ ला 'फेरारी की सवारी' हा चित्रपट आला. दिग्दर्शक राजेश मापुसकर, आपले कोकणातले, श्रीवर्धनचे. त्या चित्रपटात जी लाल गाडी दिसते ती हीच. गोष्टीतला नायक आरटीओतला कारकून. हा इतका सरळ माणूस की चुकून सिग्नल मोडला तर पोलिसाला शोधून स्वतःहून दंड भरतो. आणि तोच मुलाच्या क्रिकेटसाठी सचिनची फेरारी न विचारता घेऊन जातो. म्हणजे बघा, ज्या गाडीवरून सरकारी शुल्काचा वाद झाला, तिच्याच गोष्टीतला नायक स्वतःहून दंड भरणारा निघाला. योगायोग म्हणा.

विकली म्हणून काहीजण सचिनवर नाराज झाले. भेट मिळालेली वस्तू विकतात का, वगैरे. मला ते पटत नाही. गाडी त्याच्या मालकीची झाली, शुल्क भरलं गेलं, कागद पूर्ण झाले. मालकाला विकायचा हक्क असतो, आणि तो नसेल तर ती मालकीच नव्हे. पण तरी एक खरं आहे. विकल्यावर गाडीची कुंडली दोन भागांत फुटते. आरसी बुकात नाव बदलतं, लोकांच्या मनात बदलत नाही. आज ती कुणाच्याही दारात उभी असो, लोक म्हणणार 'सचिनची फेरारी'. आणि ऑडी? ती आरसीतही शास्त्रींची आणि लोकांच्या मनातही. कागद आणि आठवण दोन्ही एकाच दारात, असं भाग्य फार थोड्या गाड्यांना मिळतं.

किती गाड्यांना ते मिळत नाही, हेही सांगतो. होळकर घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं, म्हणजे आपलंच. इंदूरचे यशवंतराव होळकर यांना मोटारींचं विलक्षण अंग होतं. ड्यूसेनबर्गसारखी अमेरिकन गाडी घेऊन तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यांनी बनवून घेतली होती. आज ती गाडी जगभरच्या जाणकारांत 'इंदूरच्या महाराजांची' म्हणून ओळखली जाते, पण ती आपल्या देशात नाही. संस्थानं गेली, तनखे गेले, आणि राजवाड्यांच्या तबेल्यातल्या अशा कितीतरी गाड्या परदेशी गेल्या. १९७२ साली सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली, तोवर बरंच काही निघून गेलं होतं.

अलीकडे मात्र एक चांगली गोष्ट झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नंबर प्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणायची नाही, पण प्रदर्शन, रॅली यांना चालते. म्हणजे जुनी वस्तू ही अडगळ नसून ठेवा असू शकते, हे प्रथमच नियमात आलं.

आता मी आपल्या आवाराच्या कोपऱ्यात येतो. सेक्रेटरी साहेब, पाणी प्या. (हशा)

पंपहाउसच्या बाजूला ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. मुलं तिला 'ताडपत्रीवाली' म्हणतात, लपाछपी खेळताना तिच्यामागे लपतात. ती १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आपल्या संस्थेच्या एका संस्थापक सभासदांची. ते गेल्याला सहा वर्षं झाली. वहिनींची परवानगी घेऊनच मी हे बोलतो आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर 'आवारातील बेवारस वाहन हटविणे' असा एक विषय आहे. माझी विनंती आहे की त्यातला 'बेवारस' हा शब्द काढावा.

पद्मिनी काही फेरारी नव्हे. पण तिलाही कुंडली आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. त्याच गाडीला १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणू लागले, तरी आपण आजही तिला फियाटच म्हणतो. स्टिअरिंगच्या दांड्याला हँडगिअर, पुढे तिघं आरामात बसायचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा मोठमोठ्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. आणि आपल्या दारातली मात्र आपल्याला अडगळ वाटते.

नवीन सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. त्याआधी रात्री दोन वाजता इथे कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला कळा सुरू झाल्या, तर मुरबाडला, नाहीतर पुढे कल्याणला न्यायचं कशातून? याच गाडीतून. दादा बनियनवर बाहेर यायचे, शर्टाची बटणं गाडी चालवताना लावायचे. आज इथे बसलेल्यांपैकी निदान दोन तरुण या गाडीतून जन्माला जाता जाता थोडक्यात वाचलेले आहेत. (हशा) पेट्रोलचे पैसे कुणी पुढे केले तर ते म्हणायचे, "मेंटेनन्समध्ये धरू." ते कधी धरले नाहीत, हे खजिनदारांची वही बघितलीत तर कळेल.

पण मी भावनेवर मत मागत नाही. बँकेतला माणूस आहे, कागदावर बोलतो. पहिली गोष्ट, ही गाडी बेवारस नाही. तिला वारस आहेत, वहिनी आणि त्यांची लेक. मालक वारले की वारसांनी आरटीओला कळवून नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. ते राहिलं आहे, ते आधी करू. मदत मी करतो, तेवढे फॉर्म अजून भरता येतात. दुसरी गोष्ट, कमिटीला ती गाडी भंगारवाल्याला देता येणारच नाही. वारसांची सही नाही, नोंदणी रद्द केलेली नाही, अशी गाडी भंगारात गेली आणि तिच्या नंबर प्लेटचा उद्या कुठे गैरवापर झाला, तर पोलीस दार ठोठावणार वहिनींचं. मोडीतच काढायची ठरली तरी ती सरकारमान्य केंद्रात, रीतसर प्रमाणपत्र घेऊन. तिसरी गोष्ट, ज्यांना पार्किंग मिळत नाही त्यांची तक्रार खरी आहे. एका कुटुंबाच्या आठवणीचा भार दुसऱ्याने सोसावा हे बरोबर नाही. ती जागा फुकट अडलेली राहू नये. वहिनींची लेक पार्किंगचे नियमाप्रमाणे जे शुल्क असेल ते भरायला तयार आहे. सचिनच्या फेरारीनेही शेवटी शुल्क भरूनच जागा मिळवली, हे आपण आत्ताच ऐकलं.

आणि चौथी गोष्ट. २०२८ मध्ये ही गाडी पन्नाशीची होते. मूळ इंजिन, मूळ रंग, हँडगिअर, सगळं जागेवर आहे. दादांनी ठेवलेली बिलांची फाइल आहे, अगदी १९८० सालच्या टायरच्या बिलासकट. मुरबाडचे एक जुने मेकॅनिक येऊन बघून गेले. म्हणाले, इंजिन फिरतंय, खालचा पत्रा गेलाय, रबरं सगळी गेली. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल. गुंतवणूक म्हणून विचाराल तर मी 'नका करू' म्हणेन. पण लेक म्हणाली, "काका, गुंतवणूक करायची असती तर एफडी केली असती." त्यावर मला बोलायला काही उरलं नाही. खर्च ती करणार आहे. संस्थेकडे ती पैसे मागत नाही, फक्त वेळ मागते. तेव्हा सभेत 'हटविणे' ऐवजी 'मालकी हस्तांतर व दुरुस्तीसाठी मुदत देणे' असा ठराव यावा, असं मी सुचवतो. मुदत तारीख घालून द्या. मोकळी सोडू नका.

शेवटचे दोन शब्द आपल्या इमारतीबद्दल, कारण पंचवीस वर्षांची इमारत ही सुद्धा एक जुनी गाडीच आहे. गच्चीच्या स्लॅबखाली ओल दिसते आहे. काही सभासद म्हणतात, रौप्यमहोत्सव आहे, बाहेरून रंग काढून घेऊ. मघाशी सावकाश बोललेलं वाक्य आठवा. आधी रंग नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधीतच लिहिलं आहे. आधी ते करू. पत्र्याखालचा गंज बघू, मग पत्रा, मग रंग. सिंकिंग फंड त्यासाठीच असतो. आणि इमारतीचीही एक फाइल करू. मंजूर नकाशे, भोगवटा दाखला, कन्व्हेयन्सचे कागद, प्लंबिंग कुठून कुठे जातं त्याचा नकाशा, प्रत्येक दुरुस्तीचं बिल. आज हे सगळं चार घरांतल्या चार कपाटांत आहे. या चार जणांपैकी मी एक आहे आणि माझं वय आपल्याला माहीत आहे. माझ्या कपाटातले कागद मी आज इथेच अध्यक्षांच्या हवाली करतो.

(येथे वक्त्यांनी कागदांची पिशवी अध्यक्षांकडे दिली.)

१ डिसेंबर २०१६ ला आपलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून सगळ्या पेपरांत आलं होतं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की व्यवहाराची नोंद राहिली पाहिजे. आजही तेच सांगतो आहे, फक्त पैशाऐवजी वस्तूंच्या बाबतीत. ज्याची नोंद आहे आणि ज्याला सांभाळणारा हात आहे, ते टिकतं. मग ती महाराजांची गाडी असो, नाहीतर पंपहाउसशेजारची.

वार्षिक सभेला सगळ्यांनी वेळेवर या. कोरम भरला नाही की मग अर्धा तास चहावर काढावा लागतो.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जेवणात आज पुरणपोळी आहे, असं कळतं. जय हिंद, जय महाराष्ट्र!